शांतवनसरांचं तिसरं उत्तर

शांतवनसर कुणाच्याही घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. 'जातो' म्हणतात.

मराठी घरात, दाराशी उभं राहून, पायात बूट चढवत एखादा माणूस 'जातो' म्हणाला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा ते आमच्याकडून असे निघाले तेव्हा मी म्हटलं, "असं काय बोलता सर, येतो म्हणा." ते एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत थांबले आणि शांतपणे म्हणाले, "पण मी जातोय. येणार कधी, ते अजून ठरलेलं नाही." मग खिशातून एक छोटी निळी डायरी काढली. "ठरवू या का? पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहा चालेल?"

मी आपलं हो म्हटलं. पुढच्या गुरुवारी सहाच्या ठोक्याला बेल वाजली. मी साफ विसरले होते. घरात फक्त दोन अंडी होती आणि मिलिंद, माझा नवरा, आंघोळीला गेला होता.

हार्लेममध्ये आमच्या घराला लागून एक उंच, अरुंद घर आहे. त्याच्या माळ्यावर शांतवनसर राहतात. तळमजल्यावर तीनेकेबाई नावाच्या घरमालकीण, माळ्यावर सर, आणि मधला मजलाभर तीनेकेबाईंच्या दिवंगत नवऱ्याची पुस्तकं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरांची तिरकी खिडकी दिसते. हिवाळ्यात साडेचारला अंधारून येतं. कालव्यावरचं धुकं गल्लीत शिरतं, समोरची घरं एकेक करून पुसली जातात आणि शेवटी ती एक पिवळी खिडकी तेवढी हवेत टांगल्यासारखी उरते. तिच्यात खाली वाकलेलं एक टक्कल. कित्येकदा भांडी विसळता विसळता मी त्या टकलाकडे बघत उभी राहिले आहे. नळ वाहत राहतो, आणि आपण इथे आहोत की नागपुरात, ते क्षणभर आठवत नाही.

सरांचं पूर्ण नाव शांतवन भिंगारदिवे. मूळचे नगरचे. तिथे कॉलेजात इतिहास शिकवायचे. वेळेआधी निवृत्त झाले, साठीला टेकता टेकता डच शिकले, आणि ॲमस्टरडॅममधल्या, पाद्री तयार करणाऱ्या एका छोट्या सेमिनरीत मेनोनाइट लोकांवर संशोधन करायला आले. मेनोनाइट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते एखाद्या खनिजाचं नाव वाटलं होतं.

"ख्रिस्ती लोकांतला एक जुना पंथ," सर म्हणाले. "चारपाचशे वर्षांपूर्वीचा. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून उमजून घ्यायचा. हातात शस्त्र धरायचं नाही. आणि शपथ घ्यायची नाही, कोर्टातसुद्धा नाही."

"शपथेत काय वाईट आहे?"

"ज्याचं रोजचं बोलणं खरं आहे, त्याने खास खरं बोलण्यासाठी वेगळी सोय कशाला करायची?"

"तुम्ही त्यांच्यातलेच का?"

"नाही. आमचं घराणं नगरच्या मिशनमधलं. मी फक्त अभ्यास करतो." मग जरा विचार करून म्हणाले, "पण अभ्यास अंगाला लागतो."

तो त्यांच्या अंगाला किती लागलाय, ते मला आमच्या ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. सुपरमार्केटच्या रांगेत मी फोनवर आईशी बोलत होते. "हो गं, जेवले कधीची," असं मी म्हटलं. फोन ठेवला तशी मागून एक गृहस्थ शुद्ध मराठीत म्हणाले, "तुम्ही जेवलेल्या नाहीत. हातात सँडविच आहे आणि ते तुम्ही उघडायला घेतलंय." परक्या गावात मराठी ऐकू आल्याचा आनंद मानावा की पकडले गेल्याचा संताप, ते मला ठरवता येईना. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी रांगेत मला पुढे जाऊ दिलं, भूक लागली असेल म्हणून.

त्यांचं पेटंट वाक्य म्हणजे "तशी नोंद नाही." उन्हाळा यंदा लवकर येणार म्हणे? तशी नोंद नाही. तीनेकेबाईंचा नवरा फार सज्जन होता ना? "त्या तसं सांगतात. माझ्याकडे तशी नोंद नाही." मिलिंद मुद्दाम त्यांची खोड काढणारे प्रश्न विचारतो. एकदा त्याने भाजी केली आणि विचारलं, "कशी झालीय, सर?" सरांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. म्हणाले, "मीठ जास्त आहे. कोथिंबीर ताजी आहे. कष्ट दिसतात." मिलिंद ते शेवटचं वाक्य अजून लोकांना सांगतो.

इथल्या डॉक्टरबाईही त्यांना ओळखून आहेत. पाठ दुखत होती म्हणून सर गेले. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? सर म्हणाले, दहा म्हणजे काय ते मी अजून अनुभवलेलं नाही, तेव्हा विचार करून कळवतो. आणि खरोखर दोन दिवसांनी चिठ्ठी नेऊन दिली. 'चार. जिना उतरताना पाच.' बाईंनी ती चिठ्ठी फायलीत लावून ठेवली आहे, असं तीनेकेबाई सांगतात.

तीनेकेबाईंच्या वाढदिवसाला तर मी स्वतः हजर होते. इथे वाढदिवसाला सगळे पाहुणे खुर्च्यांचं कडं करून बसतात आणि ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, तर त्याच्या बहिणीचं, भाच्याचं, शेजाऱ्याचंही अभिनंदन करतात. एका उंच गृहस्थांनी सरांचा हात हातात घेऊन त्यांचं अभिनंदन केलं. सरांनी हात सोडला नाही. डचमध्ये म्हणाले, "आभारी आहे. पण यात माझा काही वाटा नाही. मी फक्त वरच्या मजल्यावर राहतो." कडं एकदम गप्प झालं. मग तीनेकेबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तर असा माणूस. त्याच्यापासून काही लपवावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या शरदात माझी नोकरी गेली. बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाच्या कुशीत, मालवाहतुकीचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी सात वर्षं होते. एका सकाळी आमचं सगळं खातं बंद झालं. आणि बरोबर दोन आठवड्यांनी आई येणार होती. तीन महिन्यांसाठी, पहिल्यांदाच. तिने विहारातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं की माझी वैशाली विमानांच्या गावात मोठ्या ऑफिसात आहे. बाबा गेल्यावर तिने मला शिकवण्यासाठी काय काय केलं ते मला माहीत आहे. विमानातून उतरल्या उतरल्या तिला हे सांगायला माझी जीभ उचलेना. मिलिंदला म्हटलं, नवी नोकरी लागेपर्यंत चार दिवस थांबू.

मग मी रोज साडेआठला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून, आईने दिलेला डबा घेऊन, सायकलवरून निघायची. स्टेशनपर्यंत जायची, वळायची, आणि गावातल्या लायब्ररीत येऊन बसायची. अर्ज करायची. अर्ज संपले की खिडकीबाहेर बघायची. ते दिवस मला आता झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. पाण्यावर एक होडी असायची, कधी हलत नसायची. काचेवर धुक्याचे थेंब जमायचे आणि एकमेकांत मिसळून खाली ओघळायचे. बारा कधी वाजायचे ते कळायचं नाही, आणि बारा ते पाच मात्र संपता संपायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर शांतवनसर उभे. जुन्या कागदांच्या खोलीत त्यांचं काम चालायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

"आज बुधवार आहे," ते म्हणाले. "तू इथे."

मी सगळं सांगून टाकलं. त्यांच्यासमोर दुसरं काही करताही येत नाही. शेवटी म्हटलं, "आईला कळता कामा नये, सर. वचन द्या."

"वचन मी देत नाही."

"म्हणजे तुम्ही सांगणार?"

"तसंही म्हटलं नाही मी," असं म्हणून ते आपल्या कागदांकडे गेले. त्या दिवसापासून दुपारी एक वाजता आम्ही लायब्ररीच्या पायऱ्यांवर एकत्र डबा खायचो. आईच्या हातची वांग्याची भाजी सरांना फार आवडली. "यात कमी काही नाही," असं त्यांनी एकदा म्हटलं. इतकी मोठी शाबासकी त्यांनी कुणाला दिलेली मी ऐकलेली नव्हती, आणि ती मी आईपर्यंत पोचवूही शकत नव्हते.

आई आणि सर यांचं गूळपीठ मात्र फार लवकर जमलं. आई बेचव चहालाही 'छान झालाय हं' म्हणणारी, सर आमटीतलं मीठ मोजणारे. तरी जमलं. आई त्यांना 'जय भीम' म्हणायची, ते 'जय ख्रिस्त' म्हणायचे, आणि मग दोघं आमच्या बैठकीत बसून तासभर एकही शब्द न बोलता खिडकीबाहेर बघायची. "बरं वाटतं त्यांच्यापाशी," आई म्हणायची. "बोलायची सक्ती नाही."

एका शनिवारी दुपारी सरांचं व्याख्यान होतं. सेमिनरीतली मंडळी अधूनमधून आपलं चालू काम गावोगावच्या मेनोनाइट मंडळ्यांना सांगायला येतात. या वेळी हार्लेमची पाळी होती. आई म्हणाली, मला काही कळणार नाही, पण मी येणार.

ते प्रार्थनाघर रस्त्यावरून दिसतच नाही. पूर्वी या लोकांना उघडपणे देऊळ बांधायची परवानगी नव्हती, म्हणून घरांच्या मागे दडवून बांधलेलं. एका साध्या दारातून आत शिरायचं, लांब बोळातून चालत जायचं, आणि अचानक एका मोठ्या पांढऱ्या दालनात यायचं. भिंतीवर चित्र नाही, मूर्ती नाही. उंच खिडक्यांना साध्या काचा आणि त्यांतून येणारा दुधाळ उजेड. सुरुवातीला सगळे मिनिटभर गप्प बसले. ते मिनिट फार लांबलं. कुणीतरी खोकलं, लाकूड कुरकुरलं, बाहेर दूर सायकलची घंटा वाजली आणि त्या शांततेत विरघळून गेली. आईने डोळे मिटले होते. ते उघडत माझ्या कानात म्हणाली, "आपल्या विहारासारखंच आहे."

आधी फ्रीसलंडच्या एका मुलीने जुन्या गाण्यांबद्दल सांगितलं. काँगोहून आलेल्या एका पाद्र्यांनी एकमेकांचे पाय धुण्याच्या प्रथेबद्दल सांगितलं आणि सगळ्यांनी नकळत आपापल्या बुटांकडे पाहिलं. मग सर उभे राहिले. त्यांचं डच नगरच्या ठेक्यातलं आहे, प्रत्येक शब्द खाली ठेवून मगच पुढचा उचलतात. मी आईला हळूच मराठीत सांगत होते.

त्या काळी या पंथाच्या लोकांना पकडायचे आणि विचारायचे, तुझ्यासारखे आणखी कोण कोण आहेत? त्या चौकशीत कारकुनाने लिहून ठेवलेले प्रश्न आणि उत्तरं, हा सरांचा विषय. पेच असा की यांना खोटं बोलायचं नाही. आणि खरं सांगितलं तर दुसऱ्याचा जीव जातो. मग ही माणसं काय म्हणायची? सरांनी एका पाववाल्याच्या बायकोचा जबाब वाचून दाखवला. तिचं नाव अर्धंच उरलंय, शाईवर पाणी सांडलंय. तुला बाप्तिस्मा कुणी दिला? ते मी सांगणार नाही. प्रार्थना कुणाच्या घरी व्हायची? ते मी सांगणार नाही. माहीत नाही असं म्हण, म्हणजे सुटशील. मला माहीत आहे, आणि मी सांगणार नाही.

"हो आणि नाही यांच्यापलीकडचं हे तिसरं उत्तर," सर म्हणाले. "ते मी गोळा करतो आहे."

परतताना आईने विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं, सर?"

"पुढची पानं नाहीत, ताई."

"पोरंबाळं होती का तिला?"

"तशी नोंद नाही."



दुसऱ्या दिवशी रविवार. आईने वडाभात केला होता आणि सर जेवायला होते. सगळं छान चाललं होतं. मिलिंद सरांना दुसऱ्यांदा भात वाढत होता. तेवढ्यात आई, ताटातला वडा कुस्करत, अगदी सहज म्हणाली, "सर, तुम्ही तर दिवसभर गावातच असता. ही पोरगी रोज सकाळी बॅग घेऊन जाते, ती खरंच ऑफिसला जाते का हो?"

मिलिंदचा हात भातासकट हवेत राहिला. मी सरांकडे बघितलं. एक छोटं 'हो' एवढंच पुरणार होतं. एवढ्याशा 'हो'ने कुणाचं काही बिघडलं नसतं. आणि मला पक्कं माहीत होतं की ते या माणसाच्या तोंडून निघणार नाही.

सरांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला. पाणी प्यायले.

"ताई," ते म्हणाले, "ते मी सांगणार नाही."

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. आणि मी सांगणार नाही."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "त्या पाववालीसारखं?"

"हो."

मग त्यांनी ताटातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवला, ताट उचलून मोरीत ठेवलं, बूट घातले, 'जातो' म्हणाले आणि गेले. आई उठून भांडी घासायला लागली. मी अंगात कोट अडकवला आणि सरांच्या मागे धावले.

ते स्पार्न नदीच्या काठाने चालले होते. दुपारचे तीनच वाजले असतील, पण धुकं इतकं खाली आलं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. पूल अर्ध्यावर संपत होता. मी त्यांना गाठलं आणि रागाने म्हटलं, "नुसतं हो म्हणायला काय झालं होतं सर? तुमच्या एका 'हो'ने तिचे तीन महिने सुखात गेले असते. आता तिला कळलंच ना."

ते तसेच पुलापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "मला एक मुलगी आहे."

मला हे ठाऊक नव्हतं. दीड वर्षांत त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"सुवार्ता. पुण्यात नर्स आहे. तिचं लग्न ठरत होतं. तिनेच पसंत केलेला मुलगा, बरोबर काम करणारा. त्याची आई आमच्या घरी आली. चहा पिता पिता म्हणाली, मुलीला कधी काही आजार? मी म्हटलं, सोळाव्या वर्षी दोनदा फिट आली होती, त्यानंतर नाही. सुवार्ता ट्रे घेऊन दारात उभी होती."

ते थांबले. पाण्यात एक बदक धुक्यातून आलं आणि धुक्यात गेलं.

"ते लोक पुन्हा आले नाहीत. सुवार्ताने मला एवढंच विचारलं, मी त्याला स्वतः सांगणार होते, बाबा, तुम्ही का सांगितलंत? मी म्हटलं, खोटं कसं बोलू? तेव्हा मला दोनच उत्तरं माहीत होती. नंतर तिची आई वारली. मातीच्या दिवशी सुवार्ता आली होती, माझ्याशी बोलली नाही. मग मी इकडे आलो."

"सर, तुम्ही खरं तेच बोललात."

"बोललो. पण ती गोष्ट माझी नव्हती, वैशाली. तिची होती. खरी असली म्हणून ती काही माझी होत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजची तुझी होती. जा. ताई एकट्या आहेत."

मी घरी आले. मिलिंद कुठेतरी निघून गेला होता, मुद्दामच. आई सोफ्यावर हात पुसत बसली होती. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. खातं बंद झालं ती सकाळ, लायब्ररी, ती न हलणारी होडी.

"मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं," आई म्हणाली. "डबा घासून आणायला लागलीस. शाळाकॉलेजातून कधी घासलेला डबा आणलास का जन्मात?"

"मग विचारलं का नाहीस मला?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. मग वाट बघून कंटाळा आला." तिने माझ्या केसांतून हात फिरवला. "बाबा गेले तेव्हा शाळेतलं काम सुटून मीही चार महिने बसून होते. तुला सांगत होते, शाळेत जाते म्हणून. विहारात बसायचे जाऊन."

त्यानंतर उरलेले दिवस मी लायब्ररीत गेले नाही. आईबरोबर हिंडले. लायडस्खेनडाम-फोरबर्गला एक मुलाखत झाली तेव्हा आई बाहेर कालव्याकाठच्या बाकावर दोन तास बसून राहिली, थंडीत, डबा मांडीवर घेऊन. ती नोकरी मला मिळाली, पण आई परत गेल्यावर.

जायच्या आदल्या दिवशी सर आले. हातात दालचिनीच्या बिस्किटांचा एक डबा आणि एक जाड पाकीट. आई आधी तिच्या बहिणीकडे पुण्याला उतरणार होती.

"ताई, तुम्हाला वाटेत पडत नसेल. नाही म्हणालात तरी चालेल," ते म्हणाले. "हे पुण्यात माझ्या मुलीला, सुवार्ताला द्यायचं होतं."

"पत्र आहे?"

"नाही. त्या पाववालीचा जबाब आहे. मी मराठीत केलाय. पत्रात काय लिहावं ते ठरलं नाही माझं."

आईने पाकीट दोन साड्यांच्या मध्ये ठेवलं.

पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, आईचा फोन आला. जाऊन आले, म्हणाली. सुवार्ता ड्यूटीवरून नुकतीच परत आली होती, पायात पांढरे बूट तसेच. आत बोलावलं, पाणी दिलं, बिस्किटांचा डबा उघडून आईपुढे ठेवला. पाकीट मात्र उघडलं नाही, कपाटावर ठेवलं. वडिलांचं नाव काढलं नाही. आईनेच इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. निघाली तेव्हा मुलगी जिन्यापर्यंत पोचवायला आली. तीन पायऱ्या उतरल्यावर वरून म्हणाली, जेवतात का वेळेवर?

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, जेवतात. दर गुरुवारी आणि रविवारी आमच्याच घरी जेवतात म्हणून."

शनिवारी अकरा वाजता सर आले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आईने सांगितलं तसं, सांगितलं त्या क्रमाने, सगळं सांगितलं. पांढरे बूट, कपाट, जिना. ते मान खाली घालून ऐकत होते. बाहेर धुक्यामागे सूर्य कुठेतरी होता. स्वयंपाकघरभर तो फिकट, कुठून येतो ते न कळणारा उजेड पसरला होता.

"तिचे शब्द सांग," ते म्हणाले.

"जेवतात का वेळेवर, असं विचारलं तिने."

"त्याच्या आधी काही?"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे," सर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "बाबा जेवतात का, असं म्हणाली? की नुसतंच, जेवतात का?"

मला सांगता येईना. आपल्या भाषेत कर्ता गाळूनही वाक्य पुरं होतं. आई बोलली तेव्हा ते पुरंच वाटलं होतं. "थांबा," मी म्हटलं आणि आईला फोन लावून तो टेबलावर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आई नागपूरला पोचली होती.

"आई, सर इथे बसलेत. सुवार्ता जिन्यात नेमकं काय म्हणाली होती? 'बाबा' म्हणाली होती का ती?"

आई लगेच बोलली नाही. दोन श्वास जातील एवढा वेळ गेला.

"म्हणाली तर," आई म्हणाली. "बाबा जेवतात का वेळेवर? अशीच म्हणाली. बाबा म्हणाली."

मी सरांकडे बघितलं. ते आता काय काय विचारतील ते मला माहीत होतं. कितव्या पायरीवर, कुठल्या सुरात, मग काल तसं का सांगितलं नाही. मी वाट बघत राहिले.

ते पुढे वाकले. ऐकू कमी येणारी माणसं वाकतात तसे, कान फोनपाशी नेऊन.

"ताई," ते म्हणाले, "एकदा परत म्हणता का?"

आईने परत म्हटलं.